अंतर दुप्पट केलं तरी बुडबुडे तेवढेच, असं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका वडिलांनी विचारलंय. मुलगी पुण्यातच अकरावी सायन्सला आहे. प्रकाशाच्या तीव्रतेचा पाणवनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. काचेच्या भांड्यात हायड्रिलाची फांदी उलटी ठेवली, समोर ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट लावला आणि दिवा लांब लांब नेत मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजलं. २० सेंमीवर ५२, ४० वर ५४, ६० वर ४५, ८० वर २४ आणि १०० वर १४. दुसऱ्या दिवशी तीच फांदी, तेच पाणी, आणि आकडे ३३, ३५, ३१, २२, १३. वडील इंजिनियर. त्यांचं म्हणणं, अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव होतो, म्हणजे ४० सेंमीवर १३ बुडबुडे यायला हवेत. ५४ कसे आले? मुलगी रडकुंडीला आलीय, आणि घरात विचार चाललाय की आकडे 'थोडे बसवून' द्यावेत का.

बसवू नका. हे मी नीतीच्या गप्पा म्हणून सांगत नाहीये. हे आकडे इतके चांगले आहेत की त्यांना हात लावलात तर प्रोजेक्टमधला सगळ्यात रसाळ भाग तुम्हीच पुसून टाकाल.

मी सव्वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका मुलीने असाच सपाट आलेख आणून दाखवला. मी तो नीट पाहिलासुद्धा नाही. "पुन्हा कर," म्हणाले. तासाभरात ती पुस्तकात असतो तसा गुळगुळीत वक्र घेऊन आली आणि मी सही केली. पुढे एकदा सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असताना मीच तो प्रयोग अथपासून इतिपर्यंत केला, तर आलेख त्या मुलीच्या पहिल्या आलेखासारखाच सपाट! तिने दुसऱ्या वेळी काय केलं असेल ते सांगायला नको. आकडे बसवायला मीच शिकवलं होतं.

आता तुमच्या आकड्यांकडे वळू. खरा प्रश्न 'नियम चुकला का' हा नाहीच. अंतराचा नियम दिव्याला लागू आहे, फांदीला नाही. फांदीवर किती प्रकाश पडतो हे तो सांगतो. त्या प्रकाशाचं फांदी काय करते, हा वेगळा विषय. दिवा पुढे सरकवून तुम्ही ताटात चौपट वाढलंत, म्हणून जेवणारा चौपट जेवेल असं थोडंच आहे?

म्हणून आडव्या अक्षावर अंतर घेऊ नका, प्रकाश घ्या. २० सेंमीवरच्या प्रकाशाला १०० म्हटलं तर ४० वर २५, ६० वर ११.१, ८० वर ६.२५ आणि १०० वर ४. आता उलटीकडून, अंधाऱ्या टोकाकडून वाचत या. प्रकाश ४ वरून ६.२५ झाला, म्हणजे सव्वादोनने वाढला, आणि बुडबुडे १० ने वाढले. एका एककामागे साधारण ४.४. पुढे प्रकाश ६.२५ वरून ११.१ झाला, बुडबुडे २१ ने वाढले. एका एककामागे ४.३. म्हणजे हे तीन बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसतात! त्यानंतर प्रकाश ११ वरून २५ वर गेला तरी बुडबुडे फक्त ९ ने वाढले. आणि २५ वरून १०० वर उडी मारली तर काहीच वाढ नाही. ५४ चे ५२ झाले ते मोजणीतलं इकडेतिकडे. दोन बुडबुड्यांच्या फरकावर सिद्धान्त उभा करू नका.

सुरुवातीला सरळ चढ आणि मग पठार. १९०५ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी मर्यादक घटकांचा जो नियम मांडला, तो हाच: ज्या घटकाचा तुटवडा असतो, तोच कामाचा वेग ठरवतो. पुस्तकातली व्याख्या मुलीला पाठ असेलच, पण त्या व्याख्येचं चित्र तिच्या वहीत आहे हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कमी उजेडात फांदीला प्रकाशाची चणचण असते, त्यामुळे प्रकाश वाढवला की काम वाढतं. पठारावर प्रकाश मुबलक असतो, अडतं दुसरंच काहीतरी. पाण्यातल्या वनस्पतीच्या बाबतीत ते 'दुसरं काहीतरी' बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड असतो.

याचं कारण पाण्यात आहे. उघड्यावर ठेवलेल्या साध्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. शिवाय हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातला साठा संपला की नवा येईपर्यंत पान ताटकळतं. आणि तुम्ही समोर झगझगीत दिवा लावून बसता.

म्हणूनच दुसऱ्या दिवसाचे आकडे मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडले. तुम्हाला वाटलं सगळं बिघडलं. नीट बघा: १०० सेंमीवर १४ चे १३, ८० वर २४ चे २२. अंधारं टोक जवळपास जागच्या जागी आहे. कोसळलंय ते पठार, ५४ वरून ३५ वर. फांदी मरगळली असती तर सगळेच आकडे सारख्या प्रमाणात खाली आले असते. जिथे प्रकाश कमी तिथे फरक नाही आणि जिथे प्रकाश भरपूर तिथे मोठी घट, याचा अर्थ पाण्यातला कार्बन आदल्या दिवशीच वापरला गेला. तुम्ही पाणी बदललं नाहीत म्हणून ही गोष्ट दिसली. चूकच, पण उपयोगी पडलेली.

एक शंका मात्र परीक्षकाने काढायलाच हवी. तुम्ही दोन्ही दिवशी जवळून लांब याच क्रमाने गेलात. म्हणजे अंतर वाढत होतं तसा वेळही जात होता आणि पाण्यातला कार्बन कमी होत होता. मग १०० सेंमीवरचे १४ बुडबुडे कमी उजेडामुळे की शिळ्या पाण्यामुळे? दुसऱ्या दिवशी पाणी त्याहून शिळं असूनही १३ आले, म्हणून मी उजेडाच्या बाजूने कौल देते. पण हा वकिली युक्तिवाद झाला. सरळ उपाय म्हणजे क्रम मोडायचा. चिठ्ठ्या टाका. ६०, २०, १००, ४०, ८० असं काहीही येऊ द्या आणि शेवटी पुन्हा ६० वर या. पहिल्या आणि शेवटच्या ६० च्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर मधले आकडे कितपत धरायचे ते कळतं. मी मुलांना या शेवटच्या मोजणीशिवाय वही बंद करू देत नसे.

कार्बनची अडचण सोडवायची तर खायचा सोडा. एक लिटर पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे ०.२ टक्के. चिमूट-बिमूट नको, वजनकाट्यावर मोजा. १ टक्क्याच्या वर जाऊ नका. सोडा म्हणजे बायकार्बोनेटच, आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, सगळ्याच पाणवनस्पतींना हे जमत नाही. ही बया तशी बिलंदर आहे. पाणी कोमट आणि कार्बन कमी असेल तर ती एकाच पेशीच्या आत मका-उसासारखी सी-फोर यंत्रणा, म्हणजे थोडाच कार्बन डायऑक्साइड असला तरी तो गोळा करून वापरायची सोय, चालू करते, तीही पानात क्रान्झची रचना (शिरांभोवती खास पेशींचं कडं) नसताना. अकरावीच्या मुलीने तोंडी परीक्षेत एवढं एक वाक्य टाकलं तरी समोरचे चष्मा सावरून बसतात. आणि हो, खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. एका गटाने तीच आणली होती. भांडंभर फेस, मिनिटाला तीनशे बुडबुडे, आणि पोरं खुशीत! फांदीचा त्यात काडीचाही हात नव्हता.

पाण्याबद्दल आणखी एक, पुण्यात राहतो म्हणून. सोसायटीच्या टाकीत आज महापालिकेचं पाणी, उद्या टँकरचं, परवा बोअर मिसळलेलं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट आधीच असतं. मग सोमवारचा आलेख आणि गुरुवारचा आलेख जुळत नाही आणि मुलं दिव्याला दोष देतात. पहिल्याच दिवशी एक बादली भरा, रात्रभर उघडी ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, आणि सगळा प्रयोग त्याच बादलीतल्या पाण्यावर करा. दर फेरीला मात्र ताजं पाणी घ्या. वापरलेलं परत नको.

दिव्याचं सांगते. तुमचा फ्लडलाइट वीतभर रुंद असणार. अंतराचा नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे. एवढं पॅनेल २० सेंमीवर आणलं की फांदीवर पडणारा प्रकाश हिशेबापेक्षा पाचव्या हिश्श्याएवढा कमी भरू शकतो. ६० च्या पुढे ही चूक दोन-तीन टक्क्यांवर येते. तुमच्या बाबतीत २० सेंमीचा बिंदू पठारावर आहे म्हणून बिघडलं नाही, पण लांबट ट्यूबलाइट वापरली असती तर हिशेब पार कोलमडला असता. सगळ्यात बरं म्हणजे हिशेबावर विसंबूच नका. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं ॲप टाका, भांडं उचला, फांदी जिथे असते नेमक्या तिथे मोबाइलचा सेन्सर धरा आणि प्रत्येक अंतरावर आकडा लिहा. दोन मोबाइल दोन वेगवेगळे आकडे दाखवतील. हरकत नाही, एकच मोबाइल आणि एकच दिवा असेल तर आकड्यांचं आपसातलं प्रमाण कामापुरतं विश्वासाचं असतं. दिवा बदललात तर मात्र लक्सची तुलना करू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्यांचं माप आहे. डोळ्यांना हिरवा रंग जास्त दिसतो, पानाला लाल आणि निळा जास्त लागतो.

बरं झालं तुम्ही जुना पिवळा बल्ब घेतला नाहीत. त्याचे दोन त्रास. एक, व्होल्टेज. आपल्याकडे संध्याकाळी २३० चं २१५ होणं नवं नाही आणि तेवढ्याने अशा बल्बचा उजेड पाचव्या हिश्श्याने घटतो. दुसरा, उष्णता. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. चहाचं आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळाशी जे बारीक मणी दिसतात, तेच. दिवा जवळ आणला, बुडबुडे वाढले, आपण म्हणतो प्रकाशसंश्लेषण वाढलं!

हे पारखायला एक साधा साक्षीदार ठेवा. तेवढीच दुसरी फांदी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून मारा, गार करा आणि तशाच भांड्यात, त्याच दिव्यासमोर ठेवा. तिच्यातून बुडबुडे आले तर ते उष्णतेचे. माझ्या पाहण्यात शंभरातल्या पाच प्रोजेक्टमध्येसुद्धा ही मेलेली फांदी नसते, आणि जिथे असते तिथे परीक्षकाला विचारायला फारसं काही उरत नाही. दिवा आणि भांड्यामध्ये चपट्या काचेच्या बरणीत गार पाणी भरून ठेवलं तरी बरीच उष्णता अडते. थर्मामीटर भांड्यातच राहू द्या. फेरीभरात एक-दोन अंशांवर फरक पडू देऊ नका.

आता बुडबुड्यांविषयी, कारण सगळी मोजणी त्यांच्यावर उभी आहे आणि ते फारसे भरवशाचे नाहीत. १७७९ मध्ये इंगेनहाउझ या डच वैद्यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात थांबतात हे दाखवलं, तेव्हापासून आपण ते मोजतोय. पण बुडबुडा म्हणजे शुद्ध ऑक्सिजन नव्हे. हायड्रिलाच्या देठात हवेच्या लांबट पोकळ्या असतात. तयार झालेला ऑक्सिजन त्यांतून वर सरकतो, वाटेत पाण्यातला नायट्रोजनही त्यात मिसळतो आणि कापलेल्या टोकातून मणी सुटतो. काही ऑक्सिजन तर बुडबुडा न होता परस्पर पाण्यात विरघळून जातो. शिवाय सगळे बुडबुडे एका मापाचे नसतात. जोरात चालू असताना ते बऱ्याचदा मोठे होतात, म्हणजे नुसती संख्या मोजली तर पठार खऱ्यापेक्षा जास्त सपाट दिसतं.

म्हणून टोक नीट कापा. पाण्याखालीच, नव्या ब्लेडने, किंचित तिरकं. कात्रीने देठ चेपतो आणि मग दोन-तीन ठिकाणांहून बुडबुडे फुटतात. कापलेलं टोक वर, शेंडा खाली. फांदी हलू नये म्हणून काचेच्या कांडीला सैल दोरा बांधा. दिवा हलवल्यावर लगेच मोजायला बसू नका. पाच मिनिटं तरी जाऊ द्या, नाहीतर तुम्ही आधीच्या जागेचेच बुडबुडे मोजत असता. मोजणीची घाई हेच मुलांच्या निम्म्या विचित्र आकड्यांचं कारण असतं.

हौस असेल तर संख्येऐवजी आकारमान मोजा. कॉलेजात विल्मॉटचा बबलर (फांदीतून निघालेला वायू गोळा करून मोजायचं उपकरण) असेल तर उत्तम, नसेल तर औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणि छोटी सिरिंज आणा. नळीचं तोंड टोकावर बसवायचं, दहा मिनिटं वायू जमू द्यायचा, मग सिरिंजने तो स्तंभ नळीत ओढून पट्टीवर लांबी वाचायची. सगळी मोजणी एकाच नळीत केली तर नुसत्या लांबीची तुलना पुरते. हातखंडा जमायला दोन दुपारी जातात.

फांदी कुठून आणावी हेही विचारलंय. पूर्वी आम्ही पाषाण तलावाच्या काठावरून आणायचो. आता मत्स्यालयाच्या दुकानातूनच घ्या, स्वच्छ मिळते. दुकानदार तिला सरसकट शेवाळ म्हणतात. वहीत तसं लिहू नका, हायड्रिला ही फुलं येणारी वनस्पती आहे. घरी आणल्यावर एक दिवस खिडकीत राहू द्या. दुकानात कॅबोम्बाही मिळते, तिचे बुडबुडे छान येतात, पण ती दक्षिण अमेरिकेची आहे. प्रयोग झाला की उरलेलं नदीत किंवा ओढ्यात टाकू नका, वाळवून कचऱ्यात द्या. जलपर्णीने मुळा-मुठेचं काय केलंय ते रोज पुलावरून दिसतंच.

किती प्रकाशावर पठार येईल याचा एक ठरलेला आकडा माझ्याकडे मागू नका. पाण्यात कार्बन किती, पाणी किती गरम, फांदी उन्हात वाढलेली की सावलीत, यावर तो बदलतो. सोडा घातल्यावर तुमचं पठार वर सरकायला हवं आणि वळणाचा बिंदू जास्त प्रकाशाकडे जायला हवा. अंधारं टोक मात्र फारसं हलू नये. असं झालं तर 'कार्बन अडत होता' हे माझं म्हणणं सिद्ध झालं. पठार हललंच नाही तर मी चुकले, आणि मग तापमानाकडे बघा.

शेवटी एक गंमत, जी तुमच्याच आकड्यांत दडलेली आहे. अंधाऱ्या टोकाचे ते तीन बिंदू पट्टीने जोडा आणि रेषा खाली वाढवा. ती शून्यातून जात नाही. प्रकाश सुमारे ०.८ असतानाच बुडबुडे शून्य होतात. फांदी श्वासही घेते ना! एका मर्यादेखाली जेवढा ऑक्सिजन तयार होतो तेवढा श्वसनातच खर्च होतो. तो कॉम्पेन्सेशन पॉइंट. म्हणूनच प्रकाश पाव केला की बुडबुडे बरोब्बर पाव, हे सरळ रेषेच्या भागातसुद्धा होत नाही. वडिलांचं गणित तिथेही थोडं चुकणार. तीन बिंदूंवरून फार लांब उडी मारू नये हे खरं, पण ०.८ प्रकाश म्हणजे तुमच्या दिव्यापासून साधारण सव्वादोन मीटर. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा, फ्लडलाइट दीड मीटरवर ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी वीतभर मागे न्या. बुडबुडे सव्वादोन मीटरच्या थोडं आधीच थांबतील असा माझा अंदाज आहे, कारण शेवटचा थोडा ऑक्सिजन पाण्यातच विरघळेल. कितीवर थांबले ते तिला वहीत लिहू द्या, आणि मलाही कळवा.